माझ्या पायांचा नवस

पळण्याची पैज मी लावली नव्हती. ती आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी लावली होती, आणि तीही चिडून. शरच्चंद्र बोकारे त्यांचं नाव. दरवर्षी व्हायचं काय, की पावसाळाभर मुली जीव तोडून पळायच्या आणि पोळा आला की एकेक गळायला लागायची. पोळा झाला की मारबतीची मिरवणूक, मग गणपती, मग महालक्ष्म्या, नवरात्र, दसरा. दिवाळीची सुट्टी संपवून मुली मैदानावर उगवायच्या त्या पुरणपोळ्या आणि चकल्या अंगावर घेऊन. त्याच आठवड्यात सगळ्या शाळांतल्या मुलींची निवड असायची आणि आमच्या शाळेचा नंबर खालून पहिला यायचा. त्या वर्षी, म्हणजे त्र्याहत्तर साली, सरांनी शिटी जमिनीवर आपटली.

"पोळ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत रोज सकाळी गांधीसागर तलावाला तीन चकरा," ते म्हणाले. "एक दिवस खाडा नाही. जिचा खाडा होणार नाही, तिलाच मी निवडीला उभी करीन. बाकीच्यांनी घरी बसून अनारसे तळावे."

मी तेव्हा मॅट्रिकला होते. सरळ सांगायचं तर पळण्याशिवाय मला दुसरं काही बरं येत नव्हतं. गणित कच्चं, आवाज घोगरा, रांगोळी काढली तर ठिपके एकमेकांशी भांडायचे. पण पळायला लागले की मी कोणीतरी आहे असं मला वाटायचं. निवड झाली असती तर राज्याच्या स्पर्धेला पुण्याला जायला मिळणार होतं. बाबांनी त्यांच्या परीनं निकाल देऊन ठेवला होता. पुण्याला गेलीस तर पुढचं पुढं बघू, नाही गेलीस तर मॅट्रिक आणि मग पळणं बंद, लोक बोलून राहिले. म्हणजे नुसती पुण्याची गोष्ट नव्हती. माझं सगळं पळणंच त्या दिवाळीला टांगलेलं होतं.

माझे बाबा, कृष्णकांत, सरकारी कचेरीत कारकून. त्यांचा आवडता शब्द "बघू". घराचं छप्पर गळो की पाहुणे येवोत, बाबा म्हणणार बघू. पण एक होतं, रोज पहाटे माझ्यामागे सायकल घेऊन ते यायचे. भाद्रपदाच्या उकाड्यातही गळ्याला मफलर. मुलगी एकटी अंधारात कशी जाईल, म्हणून. मी पळायचे आणि ते मागून इतक्या हळू सायकल चालवायचे की दोनदा तोल जाऊन पडले.

आईचं नाव यमुना, सगळे तिला यमुताई म्हणायचे. तिचं माहेर मौद्याचं. तिला पळण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मात्र मला ते हवं आहे एवढं तिला नेमकं कळलं होतं, आणि लेकीला हवं ते देवीकडून मागून आणायचं, ही एकच वाट तिला माहीत होती.

सुरुवात झकास झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी मारबत निघायच्या आत आमच्या चकरा आटोपल्या. सर रोज तलावाकाठी नत्थूच्या चहाच्या टपरीवर बसलेले असायचे. कोण आली, कोण नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. गणपतीत दोन मुली गळाल्या. महालक्ष्म्यांच्या वेळी तर कहर झाला, कारण नेमकी मी बाहेर बसले. घरात सोळा भाज्या, पुरण, आंबील, आणि मी कोपऱ्यात वेगळी. अशात पळायला जायचं की नाही यावर आई विचारात पडली. तेव्हा बाबा आयुष्यात पहिल्यांदा बघू न म्हणता बोलले, "अवं, ती बाहेरच बसली आहे ना? मंग बाहेरच पळू दे." आईला हसू आलं आणि माझा खाडा वाचला.

महालक्ष्म्या गेल्या तेव्हा आम्ही दोघीच उरलो होतो, मी आणि पुष्पलता. पुष्पलता माझ्या वर्गातली, माझ्यापेक्षा थोडी हळू, पण चिवट. उभं तर दोघींनाही राहता येणार होतं, पण पुण्याला जाणार एकच. आम्ही चकरा मारताना बोलायचो नाही. चकरा संपल्या की मात्र गळ्यात गळे.

मग घटस्थापना उजाडली. मी पहाटे उठले आणि दाराशी बूट शोधू लागले. पांढऱ्या कॅनव्हासचे बूट होते माझे, दर रविवारी खडू घासून मी ते आणखी पांढरे करायची. दाराशी बूट नव्हते.

"आई, माझे बूट?"

"पेटीत ठेवले," आई फुलवाती वळत होती. "दसऱ्याले काढून देईन."

"काहून वं?"

"मी देवीले बोलली आहे." ती वर न बघता म्हणाली. "चारूची निवड होऊ दे, नवरात्रभर ती अनवाणी राहील."

आग्याराम देवीच्या देवळात ती दर मंगळवारी जायची हे मला माहीत होतं. तिथे ती माझ्या पायांचा सौदा करून आली असेल हे मला माहीत नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बोलली तू, आणि अनवाणी राहू मी?"

"ज्याचं मागणं त्याचे पाय. आमच्या मौद्याले असंच असते. मी माझ्या नावानं मागतलं असतं तर देवी म्हणाली असती, यमू, तुले कायले पाहिजे वं पळणं?"

"अगं, पण मले पळायचं आहे! पायात बूट नको?"

"म्हणून तर बोलली. सोपं देऊन मोठं कोण देते?"

मी बाबांकडे पाहिलं. ते सायकलचं हॅन्डल धरून अंगणात उभे होते. मी म्हटलं, "बाबा, सांगा ना तिले." बाबांनी मफलर घट्ट केला, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सायकलच्या घंटीकडे पाहिलं.

"नऊच तर दिवस आहेत," ते म्हणाले. "बघू."

तेवढ्यात माझं लक्ष आईच्या पायांकडे गेलं. ती नळावर जायला उठली तीही तशीच, अनवाणी. तिची चप्पलसुद्धा माझ्या बुटांशेजारी पेटीत गेली होती. "तुझ्या जोडीले म्हणून," ती म्हणाली. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा. ती मला त्रास देत असती तर मी पेटीचं कुलूप तोडलं असतं. ती माया करत होती, आणि मायेला कुलूप नसतं.

मला देवीची भीती नव्हती. भीती निराळीच होती. मी बूट घातले आणि निवड झाली नाही, तर आई जन्मभर मला काही बोलणार नाही, नुसती बघेल. आणि मलाही कुठेतरी वाटत राहील, की त्या बुटांपायीच झालं. नवस एकदा तोंडातून निघाला की तो न मानणाऱ्यालाही धरून ठेवतो. मी तशीच पळायला गेले.

पहिल्या दिवशी खडे टोचले, दुसऱ्या दिवशी टाचा सोलल्या, तिसऱ्या दिवशी रात्री आईने खोबरेल तेल गरम करून तळव्यांना चोळलं. चोळताना ती रडत होती आणि मी दात ओठ खात होते. सरांना सांगावं म्हणून मी नत्थूच्या टपरीपाशी थांबले. सर माझे पाय बघून उठून उभेच राहिले.

"शाबास, चारुलता! आम्ही गावी असेच पळायचो, धानाच्या बांधावरून. बूट कोणी पाहिले होते?"

"सर, ते माझ्या आईनं..."

"आई थोर आहे तुझी. तिले माझा नमस्कार सांग."

आता काय बोलणार? मी घरी जाऊन नमस्कार सांगितला. आईचा चेहरा असा खुलला की तिने त्या दिवशी मला दोन वाट्या खीर वाढली.

पुष्पलता मात्र दुसऱ्या माळेपासून दिसेनाशी झाली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. मी मनात म्हटलं, गळली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आता मी एकटीच होते. आता फक्त खाडा होऊ द्यायचा नव्हता.

अष्टमीला सर बॅग घेऊनच टपरीवर आले. त्यांचे वडील भंडाऱ्याकडच्या गावी आजारी पडले होते. ते एकदम दिवाळीची सुट्टी संपल्यावरच येणार होते. मोटारीची वेळ झाली होती, ते घाईत म्हणाले, "मी नसलो तरी तलाव इथंच आहे, चारुलता. खाडा नाही." आणि गेले.

दुसऱ्या दिवशी नवमी. नवसाचा शेवटचा दिवस. आदल्या रात्री तलावाच्या बाजूच्या मंडपात जत्रेसारखी गर्दी झाली होती. पहाटे तिथे कागद, शेंगांची टरफलं, फुटके फुगे पडलेले. गोटी सोड्याची एक बाटली कोणीतरी फोडून टाकली होती. पहिल्याच चकरेत तिच्यावर माझा उजवा पाय पडला.

दुखलं ते नंतर. आधी नुसतं ओलं लागलं. मग मी खाली बसले. बाबांनी सायकल टाकून दिली आणि धावत आले. पण जवळ आल्यावर काय करायचं हे त्यांना सुचेना. ते माझा पाय धरायचे, सोडायचे, परत धरायचे. "बापरे, बापरे," एवढंच.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारी माणसं तेव्हा आदल्या दिवसापासूनच शहरात उतरायला लागत. डोक्यावर गाठोडी, पांढऱ्या साड्या, कडेवर पोरं. त्यांतली एक म्हातारी तलावाच्या पायरीवर तोंड धूत होती. ती उठून आली आणि तिने बाबांना सरळ बाजूला सारलं. माझा पाय मांडीवर घेतला, काचेचा तुकडा दिसत होता तेवढा काढला, गाठोड्यातल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली. तिच्या बरोबरची बाई तिला बायजाबाई म्हणत होती.

"पोरीच्या पायात चप्पल काहून नाही गा?" तिने पट्टी बांधता बांधता बाबांना विचारलं.

"आहे. म्हणजे, नवस आहे."

"हिचा?"

"हिच्या आईचा."

"मंग तिचा पाय कुठी आहे?"

मीच म्हटलं, "तीपण अनवाणीच आहे घरी." बायजाबाईने मान हलवली. "आमची सासूबी अशीच बोलायची. दीक्षा घेतली तवापासून आम्ही नाही बोलत. पण माय माय असते, ते बोलतेच काहीतरी." मग तिने गाठ आवळली आणि मला म्हणाली, "आता चार दिवस घरी बस बाई. पाय टेकू नको."

ती गर्दीत मिसळून गेली. मी उठले. चकरा बाकी होत्या. बाबा म्हणाले, "चारू, घरी जाऊ." मी म्हटलं, "सर म्हणाले खाडा नाही." बाबा काही तरी बोलणार होते, पण त्यांनी सायकल उचलली आणि मागे यायला लागले. त्याला पळणं म्हणणं कठीण होतं. पण तलावाला तीन चकरा झाल्या.

घरी आले तेव्हा उंबऱ्यावरची रांगोळी माझ्या पायाने लाल झाली. आई स्वयंपाकघरातून आली, पाहिलं आणि खाली बसली. माझा पाय तिने पोटाशी धरला. बराच वेळ ती नुसती हुंदके देत होती. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "आज नववा ना? झाला नवस पुरा. तुझं काम झालं बाई. आता देवीचं काम."

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी आत राहिलेली काच काढली, टाके घातले, इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, पंधरा दिवस हा पाय जमिनीला लावायचा नाही. बाबांनी मान डोलावली. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "आता काय करायचं?" बाबांनी उत्तर काय दिलं हे सांगायला नको.

खरं म्हणजे उपाय सोपा होता. सरांना विचारायचं, की मुलीच्या पायाला टाके आहेत, काय करू? एवढंच. पण आमच्या घरात सरांचा शब्द हा देवीच्या शब्दाच्या रांगेत जाऊन बसला होता. खाडा नाही म्हणजे नाही. देवीला कोणी विचारतं का, की पायाला लागलं आहे, नवसात काही सूट मिळेल का? तरी बाबा दसऱ्याच्या संध्याकाळी भंडाऱ्याची मोटार धरायला गेले. सोनं वाटून, नवा सदरा घालून. रात्री परत आले ते सदऱ्याची गुंडी तुटलेली.

"मोटारीत पाय ठेवाले जागा नाही," ते म्हणाले. "सारा गाव दसऱ्याचा आला आहे. उद्या बघू."

उद्याही तेच. परवा कचेरी होती.

निकाल मात्र आईने नवमीच्या रात्रीच देऊन टाकला होता. ती माझ्या उशाशी बसली आणि माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "चारू, आता खाडा केला तर ते नऊ दिवस वाया जातीन. एवढं रक्त सांडलं, ते वाया घालवाचं?" मला तिचा राग यायला हवा होता. पण मलाही तेच वाटत होतं. इतकं देऊन झाल्यावर आता हात आखडता घेणं जमत नाही. जुगारात बसलेल्या माणसाचं असंच होत असावं.

दसऱ्याच्या सकाळी पेटीतून बूट निघाले. उजव्या बुटात पाय जाईना, सूज आली होती. बाबांनी आपली जुनी चप्पल आणली, आईने पट्टीवर पट्टी गुंडाळली आणि सुतळीने चप्पल पायाला बांधली. डाव्या पायात पांढरा बूट आणि उजव्या पायात बापाची चप्पल, अशी मी तलावावर गेले. नत्थू चहा गाळता गाळता थांबला. "काहून वं पोरी, मास्तर तर गावाले गेले. आता कोण पाहून राहिलं तुले?"

खरंच, कोणी पाहत नव्हतं. मी घरी बसले असते आणि सरांना रोज पळाले असं सांगितलं असतं, तर ओळखणारं कोणी नव्हतं. माझ्या मनात ते आलं नाही असं नाही. पण आई पाहत होती. रोज पहाटे मला उठवायला तीच यायची, पाय बांधायला तीच बसायची, आणि मी परत येईपर्यंत देवापुढे उभी असायची.

रोज सकाळी जखम उघडायची आणि रोज रात्री आई ती हळदीने मिटवायची. टाके उसवले. कोजागरी आली, गल्लीतल्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरल्या, मी खिडकीत पाय वर करून बसले. खिरापत ओळखा म्हणून त्या ओरडायच्या आणि मी आतून मुद्दाम चुकीची नावं सांगायची, म्हणजे त्या आणखी थोडा वेळ थांबतील. शाळेला सुट्टी लागली. डॉक्टरांकडे परत जायची आम्हाला तिघांनाही भीती वाटत होती, म्हणून आम्ही गेलो नाही. बाबा रोज सायकल घेऊन मागे असायचे. मी इतकी हळू जायची की आता ते सायकल हातात धरून चालतच यायचे.

नरक चतुर्दशीला आईने मला पाटावर बसवलं, उजवा पाय बादलीवर कोरडा ठेवला आणि बाकीच्या अंगाला तेल-उटणं लावलं. गल्लीत फटाके वाजत होते. अभ्यंग केलं नाही तर नरकात जातात म्हणे. मी अभ्यंग करून तलावावर गेले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शेवटच्या चकरेत मी अर्ध्यावर थांबले. पुढे पायच उचलेना. बाबांनी सायकल माझ्याजवळ आणली आणि कॅरिअरवर हाताने धूळ झटकली.

"बस चारू. चक्कर झाली म्हणजे झाली. मी कोणाले नाही सांगत. तुझ्या आईलेही नाही."

बाबांनी आयुष्यात कोणाला न विचारता केलेली ती एकच गोष्ट असेल. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरलेले होते आणि मफलर एका बाजूला लोंबत होता. मी बसायला हवं होतं. पण हट्ट आईकडून आलेला, तो असा कुठे जातो? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि उरलेली चक्कर चालत पुरी केली. खाडा झाला नाही. त्या रात्री आईने सगळ्यात पहिला दिवा माझ्या बुटांपाशी लावला.

सुट्टी संपली आणि निवडीच्या दिवशी सकाळी बाबा मला सायकलवर कस्तुरचंद पार्कला घेऊन गेले. सर आले होते. आणि त्यांच्याशेजारी, टवटवीत चेहऱ्याने, पायात बूट घालून, पुष्पलता उभी होती.

मला वाटलं, बघायला आली असेल.

सरांनी माझ्या चालण्याकडे पाहिलं आणि त्यांची भुवई वर गेली. "काय झालं?" मी पाय दाखवला. कधी झालं, कसं झालं, सगळं सांगितलं. आणि शेवटी, अगदी अभिमानाने, सांगितलं, "पण सर, खाडा नाही झाला. लक्ष्मीपूजनापर्यंत रोज आले."

सरांनी वाकून माझी पट्टी नीट पाहिली.

"या पायाने?" ते म्हणाले. "अगं, दुखणं म्हणजे खाडा नसतो! या पुष्पलताला नवरात्रात ताप आला, हिच्या घरून निरोप आला, मी म्हटलं झोपून राहा, बरी झालीस की घरापाशीच पळ. ताप असो, जखम असो, घरात मयत असो, तो खाडा नाही. खाडा आळसाचा असतो. एवढं साधं तुम्ही मला..." ते बाबांकडे वळले. "तुम्ही तरी विचारायचं होतं."

बाबांनी सायकलचं हॅन्डल दोन्ही हातांनी धरलं होतं. त्यांचा आवाज फार लहान झाला.

"येणार होतो सर विचाराले," ते म्हणाले. "मोटारीत जागा नव्हती."

मला उभं केलं त्यांनी, शब्द दिला होता म्हणून. शिटी वाजली. पहिला वळसा मी कसाबसा घेतला. दुसऱ्यात पुष्पलता माझ्या शेजारून निघून गेली, आणि जाताना तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिचा रागही करता आला नाही. मग एकेक करून बाकीच्या शाळांच्या मुलीही गेल्या. माझ्यात दम होता, छाती शाबूत होती, सगळं होतं. फक्त पाय नव्हता. मी रेघेच्या बाहेर येऊन गवतावर बसले आणि मोठ्याने रडले. पुण्याला पुष्पलता गेली.

घरी आई दारातच उभी होती. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा बघूसुद्धा म्हणाले नाहीत. मग ती माझ्याकडे वळली. मी तिला सगळं सांगितलं, सरांचं बोलणंसुद्धा, शब्द न शब्द. तिला लागावं म्हणूनच सांगितलं. ती ऐकत राहिली. माझ्या पायाची पट्टी पुन्हा लाल झाली होती, तिची नजर तिथेच होती. मग तिने पायात चप्पल सरकवली, पदर डोक्यावर घेतला आणि निघून गेली.

दिवेलागणीला ती परत आली ती अनवाणी.

"चप्पल कुठी आहे?" बाबांनी विचारलं.

"देवळात ठेवून आली." ती माझ्याजवळ येऊन बसली. तिचा चेहरा शांत होता, हिशेब नीट लागल्यासारखा. "मी बोलून आली, चारू. पोरीचा पाय बरा होऊ दे, मी जन्मात वहाण घालणार नाही. या खेपेले माझ्या नावानं बोलली. तुझं नाव नाही घेतलं."

"कोणी सांगतलं होतं तुले?" मी किंचाळलेच. "डॉक्टर म्हणाले पाय टेकू नको, तर बरा होईल! नुसता टेकू नको!"

"होईल ना," ती म्हणाली. "आता होईलच."

आणि झाला. व्हायचाच होता, कारण आता मी कुठे पळत नव्हते. संक्रांतीला मी नीट चालत वाण द्यायला गेले. आईने सगळ्या गल्लीला माझा पाय दाखवला. मॅट्रिक झालं, पळणं ठरल्याप्रमाणे बंद झालं, पुढे लग्न झालं. पायावर आता वण आहे, एवढंच. उन्हाळ्यात तो थोडा खाजतो.

आईने शब्द पाळला. बाबा गेले तेव्हाही घाटापर्यंत ती तशीच आली. दर दिवाळीला मी तिच्यासाठी चप्पल नेते, ती हातात घेऊन छान आहे म्हणते आणि कोणाला तरी देऊन टाकते. मी भांडून पाहिलं, रडून पाहिलं, देवळात जाऊन देवीशीसुद्धा भांडून आले. देवी काही बोलत नाही, आणि आईला ते होकारासारखं वाटतं.

परवा मे महिन्यात मी माहेरी गेले होते. आमच्या महाल भागातून भरदुपारी आम्ही दोघी निघालो. रस्त्याचं डांबर वितळून चमकत होतं. माझ्या पायात चांगल्या जाड तळव्याची चप्पल होती, तरी मला चटके बसत होते. आणि माझी आई, साठी उलटलेली, कासोटा खोचून एका सावलीतून दुसऱ्या सावलीत पळत होती. दुकानाच्या पत्र्याखालून लिंबाखाली, लिंबाखालून भिंतीच्या कडेला. लहान लहान पावलं टाकत, भराभर. मला तिच्याबरोबर राहता येईना.

"आई, थांब ना वं!" मी मागून ओरडले.

ती थांबली नाही. पळता पळताच तिने मान वळवली.

"थांबली तर भाजते, चारू. तू ये हळूहळू."